पेटीतले शालू

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली आणि ती पाहण्यास रांगा लागल्या. ते स्वाभाविकच होते. परंतु त्याच लंडनच्या संग्रहालयाने २००७ मध्ये कायली मिनोग या ऑस्ट्रेलियन पॉप गायिकेच्या रंगमंचीय पोशाखांचे प्रदर्शन भरविले होते, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. त्यात तिची एक तोकडी सोनेरी विजारही होती. ती म्हणे जुन्या बाजारात अवघ्या ५० पेन्सला घेतलेली!

नाक मुरडण्यापूर्वी आपण सांगलीकडे पाहावे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी जेथे ‘सीतास्वयंवर’ रंगविले, ती ही नाट्यपंढरी. बालगंधर्वांचे नागठाणे याच जिल्ह्यातले (साताऱ्याजवळचे नागठाणे ते निराळे). त्यांच्या नेसण्याचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत, आणि खऱ्या जरीच्या शालूंपायी गंधर्व नाटक मंडळी कर्जात रुतत गेली. ‘मानापमाना’तील धनवान भामिनी गरीब वनमाला होते ती वस्त्रे बदलून. १९१९ च्या ‘एकच प्याला’त सिंधूची दैना संवादांइतकीच तिचे लुगडे सांगते. म्हणजे वस्त्र हा येथे नाटकाचाच भाग होता.

‘गाणी ध्वनिमुद्रिकांत आहेत, मग जीर्ण कपडे कशाला?’ असा प्रश्न कोणी करील. त्या तबकडीत तीन-साडेतीन मिनिटांचा आवाज आहे. पदर सावरणारी ती आकृती नाही. नटाच्या देहाचे माप, घामाचा डाग, घाईत घातलेला टाका हे वस्त्रच सांगू शकते.

मात्र वस्त्राइतके नाशवंत काही नाही. रेशीम घडीवर चिरते, उजेडाने विटते. जरीतली चांदी हवेने काळवंडते. म्हणून संग्रहालये अशी वस्त्रे सुमारे ५० लक्स इतक्या मंद प्रकाशात, आणि तीही आळीपाळीने, मांडतात. घरोघरच्या पेट्यांत ही सोय कोठून असणार? त्यात कृष्णामाईचा कोप. २०१९ च्या महापुरात सांगली नगर वाचनालयाचे हजारो ग्रंथ भिजून गेले. ८ ऑगस्ट २०२४ रोजी, केशवराव भोसल्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, कोल्हापूरचे त्यांच्याच नावाचे नाट्यगृह आगीत सापडले. एकीकडे पाणी, दुसरीकडे आग. आणि आपण अजून जागा, निधी, समिती यांचीच चर्चा करतो आहोत.

भव्य वास्तूची वाट पाहण्याचे कारण नाही. पूररेषेच्या वर एक कोरडी खोली, आडव्या खणांची कपाटे, धुतलेले मांजरपाट आणि वस्त्रांची काळजी घेणे शिकलेला एक माणूस एवढ्यावर आरंभ होतो. त्याआधीचे काम तर बिनखर्चाचे आहे. जुन्या नाटक मंडळ्यांच्या वारसांकडे कोणत्या पेटीत काय आहे, कोणत्या भूमिकेचे, कोणी नेसलेले, याची साधी नोंदवही शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक आणि विद्यार्थी करू शकतील. ती पावसाळ्यापूर्वी झाली पाहिजे.