वेब-उपयोजनांतील अक्षरदोषांचे निदान : सहकारी प्रोग्रामरला मदत करण्याची एक पद्धत

प्रास्ताविक

प्रवेशअर्ज, ग्रंथसूची किंवा गुणपत्रक यांसाठी वेब-उपयोजन तयार करणाऱ्या बहुतेकांना एक अनुभव कधी ना कधी येतो. विद्यार्थी अर्जात आपले नाव मराठीत किंवा उर्दूत व्यवस्थित भरतो, आणि छापील यादीत त्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. मग सहकाऱ्याकडे विचारणा होते : ‘अक्षरे बिघडली आहेत, काय करू?’ बहुधा तत्काळ उत्तर मिळते : ‘यूटीएफ-८ कर.’

हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. बदल नेमका कोठे करावयाचा? फाइलमध्ये, पानाच्या हेडरमध्ये, डेटाबेसच्या जोडणीत, की तक्त्यात? चुकीच्या जागी बदल केल्यास जी माहिती वाचवता आली असती तीही हातची जाते. विद्यार्थ्याचे नाव दाखल्यावर, शिष्यवृत्तीच्या यादीत आणि पुढे नोकरीच्या कागदपत्रांत जसेच्या तसे जावे लागते. म्हणून हा प्रश्न केवळ पडद्यावरील नीटनेटकेपणाचा राहत नाही.

प्रस्तुत लेखात पीएचपी आणि मायएसक्यूएल या प्रचलित जोडीच्या आधारे या दोषाचे निदान कसे करावे आणि सहकाऱ्याला मदत करताना कोणता क्रम पाळावा, याचा विचार केला आहे.

अक्षराचा प्रवास

संगणक अक्षरे साठवत नाही, संख्या साठवतो. कोणत्या अक्षराला कोणती संख्या द्यावयाची, हे युनिकोडने ठरविले. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि तीत देवनागरीचा समावेश होता. ती संख्या बाइटच्या रूपात कशी मांडावयाची याची एक रीत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ साली तयार केली. या रीतीत इंग्रजी रोमन अक्षराला एक बाइट, उर्दूच्या अक्षराला दोन, तर देवनागरी, गुजराती, कन्नड व तेलुगू अक्षरांना प्रत्येकी तीन बाइट लागतात. ‘म’ हे अक्षर २२४, १६४, १७४ अशा तीन बाइटांनी लिहिले जाते.

‘मुंबई’ हा शब्द या दृष्टीने उद्बोधक आहे. डोळ्यांना त्यात तीन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशोबाने म, उकार, अनुस्वार, ब आणि ई असे पाच घटक होतात, आणि बाइट मोजले तर ते पंधरा भरतात. पीएचपीतील ‘स्ट्रलेन’ हे फंक्शन पंधरा सांगते, ‘एमबी-स्ट्रलेन’ पाच सांगते. तीन, पाच आणि पंधरा हे आकडे लक्षात ठेवले तर पुढील निदान सोपे जाते.

अर्जातील नाव ब्राउझरकडून पीएचपीकडे, तेथून जोडणीमार्गे तक्त्यात आणि पुन्हा त्याच वाटेने परत येते. प्रत्येक टप्प्यावर घेणाऱ्याला सांगावे लागते की हे बाइट कोणत्या रीतीने वाचावयाचे. सांगितले नाही तर तो आपल्या मूळ समजुतीप्रमाणे वाचतो. मायएसक्यूएलची मूळ समजूत दीर्घकाळ लॅटिन-१ ही होती. ती २०१८ साली आलेल्या ८.० या आवृत्तीत बदलली. पीएचपीने पानाचे मूळ संकेतन यूटीएफ-८ मानण्यास २०१४ साली, ५.६ या आवृत्तीपासून, सुरुवात केली. त्यामुळे जुन्या उपयोजनांत हा दोष सुप्तावस्थेत आढळतो आणि सर्व्हर बदलताना उघडा पडतो.

लक्षणांवरून निदान

‘अक्षरे बिघडली’ या एका तक्रारीत चार वेगळे विकार असू शकतात.

पहिले लक्षण साध्या प्रश्नचिन्हांचे. ‘मुंबई’च्या जागी पाच प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर देणाऱ्याने यूटीएफ-८ योग्य रीतीने जाहीर केले होते, पण घेणाऱ्याजवळ देवनागरीला जागाच नव्हती, असा अर्थ होतो. लॅटिन-१ च्या रकान्यात देवनागरी घालू पाहिल्यास असे घडते. ही प्रश्नचिन्हे तक्त्यातच साठलेली असतील तर मूळ नाव तेथून परत मिळत नाही. ते जुन्या प्रतीतून किंवा कागदी अर्जातूनच घ्यावे लागते. काळ्या चौकटीतील प्रश्नचिन्ह मात्र वेगळे. ते ब्राउझर दाखवतो आणि ‘हे बाइट यूटीएफ-८ च्या नियमात बसत नाहीत’ एवढेच सुचवतो.

दुसरे लक्षण परकीय रोमन चिन्हांच्या गर्दीचे. येथे बाइट शाबूत असतात, पण ते लॅटिन-१ समजून वाचले जातात. देवनागरीचा प्रत्येक घटक २२४ या बाइटने सुरू होतो, म्हणून डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा दिसतो. त्याच्यामागे चलनाची गोल खूण किंवा येनचे चिन्ह येते. कन्नडमध्ये त्याच ‘ए’मागे वर चढवलेला लहान दोन किंवा तीन हा आकडा येतो, तेलुगूत अंशाची खूण किंवा अधिक-उणे चिन्ह येते. उर्दूत हा ‘ए’ नसतोच. छेद दिलेला ‘ओ’ आणि मात्रा असलेला ‘यू’ यांची गर्दी असते. बेळगाव किंवा हैदराबादसारख्या ठिकाणी एकाच यादीत तीन-चार लिपी असतात. तेथे या खुणांवरून बिघडलेला मजकूर कोणत्या लिपीचा होता, हे लगेच ओळखता येते.

तिसरे लक्षण रिकाम्या चौकोनांचे किंवा जागा सोडलेल्या वेलांट्यांचे. पडद्यावर नाव ठीक दिसते, पण पीडीएफमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, जोडाक्षर फुटते, उर्दूची अक्षरे सुटी पडतात. हा डेटाबेसचा दोष नव्हे. पीडीएफ तयार करणाऱ्या साधनाजवळ योग्य फॉन्ट नाही किंवा अक्षरजुळणीची सोय नाही. येथे तक्त्याला हात लावू नये.

चौथे लक्षण जुन्या मजकुराचे. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली मराठी किंवा इनपेजच्या जुन्या फाइलमधील उर्दू हा मजकूर युनिकोडमध्ये नसतोच. त्याचे संकेतन कितीही बदलले तरी उपयोग होत नाही. त्या त्या फॉन्टसाठी तयार केलेला परिवर्तक वापरावा लागतो आणि नंतर मुद्रितशोधन करावे लागते.

दोन चुका जुळतात तेव्हा

सर्वांत फसवा प्रकार पुढीलप्रमाणे असतो. तक्ता यूटीएफ-८ चा आहे, पीएचपीही यूटीएफ-८ बाइट पाठवते, पण मधली जोडणी लॅटिन-१ म्हणून जाहीर झाली आहे. मायएसक्यूएल प्रत्येक बाइटला स्वतंत्र रोमन चिन्ह समजून त्याचे पुन्हा यूटीएफ-८ करते. ‘म’चे तीन बाइट सहा होतात. वाचताना तीच चुकीची जोडणी उलट रूपांतर करते आणि पडद्यावर ‘म’ शुद्ध दिसतो. दोन चुका एकमेकींना झाकतात आणि उपयोजन वर्षानुवर्षे बिनबोभाट चालते.

पुढे एखादा नवा प्रोग्रामर जोडणी दुरुस्त करतो. त्याने केलेला बदल योग्यच असतो. परंतु त्या क्षणापासून जुनी नावे बिघडलेली दिसतात आणि नवी शुद्ध. घाबरून तो बदल मागे घेतला की जुनी ठीक होतात आणि मधल्या काळातील नवी बिघडतात. अशा वेळी ‘तुझ्याच बदलाने बिघडले’ असे म्हणणे अन्यायाचे ठरते. त्याच्या बदलाने जुना दोष उघड झाला, एवढेच.

या प्रकाराचा छडा पडद्यावरून लागत नाही. तक्त्यातील एका नोंदीवर मायएसक्यूएलचे ‘हेक्स’ हे फंक्शन चालवून बाइट पाहावे लागतात. ‘म’साठी ‘ई०ए४एई’ आले तर साठवण शुद्ध आहे. ‘सी३ए०सी२ए४सी२एई’ आले तर दुहेरी संकेतन झाले आहे. ‘३एफ’ आले तर तेथे खरोखरच प्रश्नचिन्ह साठले आहे. या एका तपासणीने तासाभराची चर्चा वाचते.

दुरुस्तीचा क्रम

प्रथम संपूर्ण डेटाबेसची प्रत घ्यावी आणि दुरुस्तीचा प्रयोग त्या प्रतीवर करावा. त्यानंतर नवी माहिती बिघडणे थांबवावे. म्हणजे पान, जोडणी व तक्ता तिन्ही ठिकाणी एकच संकेतन ठेवावे. जुन्या नोंदींची दुरुस्ती त्यानंतर करावी.

लॅटिन-१ च्या रकान्यात यूटीएफ-८ बाइट जसेच्या तसे पडलेले असतील, तर रकाना आधी बायनरी प्रकारचा करून मग यूटीएफ-८ चा करावा. थेट रूपांतराची आज्ञा दिल्यास दुहेरी संकेतन होते. दुहेरी संकेतन झालेल्या नोंदी उलट क्रमाने सोडवाव्यात, आणि फक्त ‘सी३ए०’सारखी खूण असलेल्याच नोंदी निवडाव्यात; अन्यथा शुद्ध नावे बिघडतील. हे काम डेटाबेसच्या बाहेर, दुसऱ्या साधनाने करताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. मराठीतील हलन्त चिन्हाचा शेवटचा बाइट १४१ आहे, आणि विंडोज-१२५२ या संकेतनात त्या जागी कोणतेच चिन्ह नाही. काही साधने तो बाइट गाळतात. मग साधी अक्षरे परत येतात, पण एकूण एक जोडाक्षर तुटते.

सहकाऱ्यांकडून सद्भावनेने दिले जाणारे दोन सल्ले विशेष घातक आहेत. मायएसक्यूएल ५.७ पासून (२०१५) काटेकोर पद्धत मूळातच चालू असते. न मावणारे अक्षर आले की ती नोंद नाकारून त्रुटी दाखवते. ‘ती पद्धत बंद कर, त्रुटी जाईल’ हा पहिला सल्ला. त्रुटी खरोखर जाते, पण तिच्याबरोबर नावही जाते, कारण त्यानंतर प्रश्नचिन्हे मुकाट्याने साठत राहतात. दुसरा सल्ला पीएचपीचे ‘यूटीएफ८-एन्कोड’ हे फंक्शन सर्वत्र लावण्याचा. ते लॅटिन-१ चे यूटीएफ-८ करते, म्हणून आधीच शुद्ध असलेल्या मजकुराचे दुहेरी संकेतन होते. पीएचपी ८.२ मध्ये (२०२२) ते कालबाह्य ठरविण्यात आले.

लांबीचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. लॅटिन-१ च्या चाळीस अक्षरांच्या रकान्यात चाळीसच बाइट मावतात. ‘अब्दुल रहमान शेख’ या नावाला चव्वेचाळीस लागतात. काटेकोर पद्धत बंद असल्यास आडनावातील ‘श’पर्यंतचे नाव आणि मात्रेचा तुटका तुकडा एवढेच शिल्लक राहते. मायएसक्यूएलचे जुने ‘यूटीएफ८’ तीन बाइटांपर्यंतच जाते. देवनागरी व उर्दूला ते पुरते. परंतु युनिकोडमध्ये २०१४ साली आलेल्या मोडी लिपीला चार बाइट लागतात. मोडी कागदपत्रांची सूची करणाऱ्यांनी ‘यूटीएफ८एमबी४’च निवडावे.

दिसण्यात एक, संकेतात दोन

बाइट शुद्ध असूनही शोध अपयशी ठरतो, असेही घडते. अरबी कळफलकाने टंकलेला ‘ये’ व ‘काफ’ आणि उर्दू कळफलकाचे तेच वर्ण दिसण्यात बहुधा सारखे, पण त्यांच्या संख्या वेगळ्या आहेत. म्हणून यादीत डोळ्यांना दिसणारे नाव शोधात सापडत नाही. ‘फ़ातिमा’ नुक्त्यासह आणि ‘फातिमा’ नुक्त्याविना यांचेही तसेच. यावर उपाय म्हणजे मूळ नाव जसेच्या तसे ठेवून शोधासाठी एकरूप केलेला वेगळा रकाना करणे. मूळ नावातच बदल करू नये, कारण दाखल्यावर तेच छापावयाचे असते. ‘अदृश्य चिन्हे काढून टाका’ हा नियमही तपासून लावावा. ‘दऱ्या’मधील अर्धा र काही कळफलकांवर अदृश्य जोडचिन्हाच्या साह्याने लिहिला जातो. ते चिन्ह गाळले की दरीचे अनेकवचन जाते आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ उरतो.

मदत करणाऱ्याने विचारावयाचे प्रश्न

वरील विवेचनावरून मदत करणाऱ्यासाठी पुढील प्रश्नावली सुचविता येते :

१. कोणता एक शब्द लिहिला आणि त्याच्या जागी नेमके काय दिसले?
२. नव्या नोंदी बिघडतात, जुन्या, की दोन्ही?
३. तक्त्यात त्या शब्दाचे बाइट कोणते आहेत?
४. पान, जोडणी व रकाना यांनी कोणते संकेतन जाहीर केले आहे?
५. बिघाडापूर्वी शेवटचा बदल कोणता झाला, आणि त्यापूर्वीची प्रत आहे का?

उत्तरे मिळेपर्यंत उपाय सांगू नये आणि एका वेळी एकच बदल करावयास सांगावे. नमुना मागताना विद्यार्थ्यांची खरी यादी किंवा डेटाबेसचा पासवर्ड मागू नये. एक काल्पनिक नाव पुरेसे असते.

समारोप

हा विषय वर्गात शिकविण्यासही सोपा आहे. सरावाच्या डेटाबेसमध्ये मुद्दाम लॅटिन-१ चा तक्ता करून त्यात ‘मुंबई’ घालावयास सांगावे. काटेकोर पद्धत चालू असताना त्रुटी येते, बंद केल्यावर पाच प्रश्नचिन्हे साठतात. त्यानंतर जोडणी बदलून रोमन चिन्हांची गर्दी दाखवावी आणि प्रत्येक टप्प्यावर बाइट तपासून घ्यावेत. ज्या विद्यार्थ्याने हा बिघाड स्वतः घडवून पाहिला आहे, तो पुढे सहकाऱ्याच्या मदतीस गेला की दुरुस्तीपूर्वी बाइट पाहील आणि प्रत घेईल. नावे वाचतात ती या दोन सवयींमुळे.