मृग, पेरणी आणि पहिली घंटा

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बाजारात दोन गर्दी एकदम उसळतात. बी-बियाण्यांच्या दुकानांपुढे सोयाबीनच्या पिशव्या आणि कपाशीची पाकिटं नेणारे शेतकरी, आणि वह्या-दप्तरांच्या दुकानांत लेकरांचा हात धरून उभ्या असलेल्या आया. बऱ्याचदा दोन्हीकडे एकाच घरची माणसं असतात. मृग निघालेला असतो, पाऊस झाला की चाड्यावर मूठ धरायची घाई असते, आणि विदर्भ वगळता राज्यातल्या शाळाही याच सुमारास, १५ जूनला उघडतात. २०२५ मध्ये १५ तारखेला रविवार आला म्हणून घंटा १६ तारखेला वाजली, एवढाच फरक. घरातली वर्षाची मोठी धावपळ आणि लेकरांचं नवं वर्ष असं एकाच आठवड्यात येऊन पडतं.

शाळा सुरू होण्याआधी पंधरा दिवस सगळं वेळापत्रक हळूहळू बसवा, हा सल्ला दरवर्षी दिला जातो. पण आई-वडील दोघंही दिवस उगवायला शेतात असतील, तर हे वेळापत्रक बसवायचं कोणी? अशा घराला दहा नियमांचा तक्ता उपयोगाचा नाही. त्याला एकच खुंटी हवी, जिच्याभोवती बाकीचं आपोआप लागत जाईल. ती खुंटी म्हणजे सकाळी उठायची वेळ.

आधी सुट्टीत नेमकं काय बिघडतं ते पाहायला हवं. मराठवाड्यात मार्चपासून शाळा सकाळच्या असतात, त्यामुळे एप्रिलपर्यंत लेकरं लवकर उठत असतात. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. घराच्या भिंती आणि पत्रे रात्री उशिरापर्यंत तापलेले राहतात. झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि उकाड्यात ते लवकर उतरत नाही. मग सगळं घर गच्चीवर किंवा अंगणात, गप्पा अकरा-साडेअकरापर्यंत. त्यात लग्नसराई, वराती आणि रात्री साडेसातला सुरू होणारे आयपीएलचे सामने. झोप पुढे सरकली की सकाळही पुढे सरकते. महिनाभरात लेकराचं शरीर नऊला उठायला सरावतं.

हा आळस नव्हे. मेंदूतलं घड्याळ दिवस-रात्रीचा अंदाज मुख्यतः डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून घेतं. अंधार पडल्यावर मेलाटोनिन नावाचं संप्रेरक वाढतं, तेव्हा झोपेची वेळ झाल्याचा निरोप शरीराला मिळतो. रात्री उजेड आणि सकाळी अंधाऱ्या खोलीत लोळणं असं चाललं, की हा निरोप उशिरा येऊ लागतो. म्हणून १४ जूनच्या रात्री लेकराला दरडावून नऊला आडवं केलं तरी ते कूस बदलत पडून राहतं. झोप हुकमानं येत नाही. उठवणं मात्र मोठ्यांच्या हातात असतं.

करायचं ते इतकंच: उठायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणायची आणि उठल्याबरोबर लेकराला बाहेर उजेडात न्यायचं. जूनच्या मध्यावर माजलगावात सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो. अंगणात दात घासणं, शेळीला पाला टाकणं, वडिलांबरोबर बांधापर्यंत जाऊन येणं, यातलं काहीही चालतं. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणायची. हळूहळू रात्री नऊला डोळे मिटू लागतात. ढगाळ हवेतही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो, त्यामुळे पाऊस लागला तरी हा उपाय थांबवायचं कारण नाही.

झोप किती हवी, याचा हिशोब ठरलेला आहे. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संस्थेनं २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाच्या चोवीस तासांत ९ ते १२ तास, तर १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. सकाळी सहाला उठणाऱ्या तिसरीतल्या मुलीनं रात्री नऊला झोपलेलं असायला हवं. महाराष्ट्रात हा विषय सरकारी पातळीवरही गाजला. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेकडे लक्ष वेधून शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार व्हावा असं सुचवलं. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनानं पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय काढला. पाचवीपासून वरच्या मुलांना हे लागू नाही. त्यांच्या सकाळच्या शाळा आणि शिकवण्या चालूच आहेत, आणि नेमक्या याच वयात झोप आपणहून उशिराकडे सरकते.

सुट्टीत वेळ सुटू नये म्हणून जपानमध्ये एक जुनी युक्ती आहे. १९२८ पासून तिथं रेडिओवर व्यायामाचा कार्यक्रम लागतो. उन्हाळी सुट्टीत गल्लीतली मुलं सकाळी साडेसहाला मैदानात जमून त्या तालावर कवायत करतात आणि हजेरीच्या कार्डावर शिक्का घेतात. मराठवाड्यात हेच काम वेगळ्या वाटेनं होतं. मे महिन्यात ठिकठिकाणी वारकरी बालसंस्कार शिबिरं भरतात. तिथं पहाटे उठणं, आंघोळ, हरिपाठ, पावली आणि पंगतीतलं वेळेवरचं जेवण असा दिवस बांधलेला असतो. शिबिरातून परतलेल्या लेकराला जून जड जात नाही. अट एवढीच, की घरी आल्यावर उठायची वेळ मोडू द्यायची नाही.

२०२६ ची सुट्टी तालुक्याला आणखी गजबजलेली होती. अधिक ज्येष्ठ मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आला. गोदाकाठचं पुरुषोत्तमपुरी माजलगाव तालुक्यातच आहे आणि अधिक महिन्यात तिथं दूरदूरून भाविक लोटतात. त्यात घरोघरी लेकी-जावयांचं धोंड्याचं जेवण. पाहुण्यांनी भरलेल्या घरात नऊची झोप पाळणं अवघडच. उठायची वेळ पाळणं त्यातल्या त्यात सोपं.

उठण्यापाठोपाठ न्याहारी येते. सुट्टीत उशिरा उठणारं लेकरू थेट अकराला जेवतं, त्यामुळे शाळेच्या सकाळी त्याला भूक नसते. उठायची वेळ अलीकडे आली की भूकही अलीकडे येते. माजलगावच्या घरांत यासाठी वेगळं काही विकत आणावं लागत नाही. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, धपाटं आणि दही, मुरमुऱ्याची सुशीला, दूध-भाकरी यांतलं काहीही बिस्किटाच्या पुड्याला भारी आहे. दुपारची सोय शाळेत असते. पीएम पोषण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम, तर सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्याचा शिजवलेला आहार मिळतो. हा आहार न्याहारीच्या जागी धरू नये. रिकाम्या पोटी आलेलं लेकरू दुपारच्या सुट्टीपर्यंत पेंगतं. पहिल्या पावसानंतर पाणी गढूळ होतं आणि जुलाबाच्या तक्रारी वाढतात, तेव्हा बाटलीत उकळून गार केलेलंच पाणी द्यावं.

पहिलीत जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना मोडलेली सवय जोडायची नसते, नवीच लावायची असते. त्यासाठी राज्यात २०२२ पासून ‘शाळापूर्व तयारी अभियान : पहिले पाऊल’ राबवलं जातं. शाळेत मेळावा भरतो आणि दाखलपात्र मुलं आईसोबत येतात. टेबलाटेबलांवर उड्या मारणं, रंग ओळखणं, गोष्ट सांगणं, वस्तू मोजणं असे खेळ होतात. मग वस्तीतल्या आयांचे गट तयार करून सुट्टीत घरी घ्यायचे सोपे खेळ दिले जातात, आणि जूनमध्ये दुसरा मेळावा होतो. पहिल्या दिवशी दारात रडणाऱ्या लेकराला शाळेचं अंगण, बाई आणि शेजारची दोन पोरं ओळखीची असली, तर रडणं लवकर ओसरतं.

मोठ्या मुलांच्या झोपेत फोन आडवा येतो. २०२४ च्या असर अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारे ५७ टक्के होते, तर समाजमाध्यमांसाठी ७६ टक्के. एकच फोन असलेल्या घरात उपाय सोपा आहे: रात्री तो मोठ्यांच्या उशाशी चार्जिंगला लावायचा. मोठ्यांनी स्वतः रील पाहत बसायचं आणि पोराला झोप म्हणायचं, हे मात्र चालत नाही.

इथवरचं सगळं जूनचं झालं. बीड जिल्ह्यात घडी दुसऱ्यांदा मोडते ती दसऱ्या-दिवाळीनंतर. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकात निघतात आणि गाळप संपून पट्टा पडेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, उसाच्या फडातच राहतात. लेकरू सोबत गेलं तर त्याचा दिवस कोपीतल्या, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतल्या, घड्याळावर चालतो. आई-बाप रात्री तीन-चारला उठून फडात जातात, मोळ्या भरायची गाडी कधीही येते. मागे राहिलं तर सगळं आजीवर येतं. अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहं चालवली जातात, स्थलांतरात शाळा तुटू नये म्हणून शिक्षण हमी कार्ड दिलं जातं, आणि २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांमध्ये ८२ वसतिगृहं मंजूर झाली.

२०२५-२६ चा गाळप हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला. जूनच्या मध्यापासून तोवर साडेचार महिने होतात. कोयत्यावर जाणाऱ्या घराला सवय लावायला एवढाच अवधी मिळतो, आणि ती आजीला पेलेल इतकी साधी ठेवावी लागते. म्हणून निघताना आजीच्या हाती द्यायच्या गोष्टी आधीच ठरवाव्यात: उठायची आणि झोपायची वेळ, वर्गशिक्षकांचा नंबर, लसीकरणाचं कार्ड, चष्मा किंवा चालू औषधं, आणि फडातून रात्री फोन कधी येईल ती वेळ. तो फोन आठच्या आत करावा. दहाला केला, तर लेकरू त्याची वाट पाहत जागं राहतं.