ग्रंथालयातील चित्रसंग्रह : कोल्हापूरच्या कलापरंपरेची नोंद व जतन

प्रस्तावना :

कोल्हापूर हे 'कलापूर' म्हणून ओळखले जाते. या नगरीतील चित्रकारांची नावे सर्वपरिचित आहेत. मात्र त्यांची चित्रे तितकी परिचित नाहीत. अनेक चित्रे काळाच्या ओघात नष्ट झाली, काही खाजगी घरांत विखुरली, तर काही शाळा, वाचनालये व कार्यालये यांच्या भिंतींवर नाव-गावाविना टांगलेली आढळतात. भिंतीवर चित्र लावले म्हणजे ते जतन झाले, असा एक सार्वत्रिक समज आहे. वास्तविक ज्या चित्राची नोंद नाही, ते चित्र डोळ्यांसमोर असूनही अभ्यासकाच्या दृष्टीने हरवलेलेच असते.

ग्रंथालय ही मूलतः नोंद ठेवणारी संस्था आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचे बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय हे ग्रंथांबरोबरच हस्तलिखितांचेही जतन करते. हस्तलिखिताप्रमाणेच चित्र हीसुद्धा एकमेव प्रत असते. त्यामुळे विद्यापीठीय ग्रंथालयाची शिस्त चित्रांना कशी लागू करता येईल, हा प्रश्न कोल्हापूरच्या संदर्भात महत्त्वाचा ठरतो.

उद्दिष्टे :

१. कोल्हापूरच्या चित्रपरंपरेचा व तिच्या सार्वजनिक संग्रहांचा संक्षिप्त परिचय करून देणे.
२. ग्रंथाची नोंद व चित्राची नोंद यांतील भेद स्पष्ट करणे.
३. ग्रंथालयाच्या वास्तूत चित्रे प्रदर्शित करताना घ्यावयाची दक्षता विशद करणे.

कोल्हापूरची चित्रपरंपरा :

आधुनिक काळातील या परंपरेचा प्रारंभ सामान्यतः आबालाल रहिमान यांच्यापासून मानला जातो. गडहिंग्लजच्या या कलावंताच्या घरी कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याचे काम चालत असे. अक्षर, नक्षी व रंग यांचा संस्कार त्यांना ग्रंथातूनच मिळाला, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतल्यानंतर ते कोल्हापुरास परतले आणि राजर्षी शाहू छत्रपतींनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. दरबारासाठी त्यांनी व्यक्तिचित्रे व शिकारीची दृश्ये रंगविली. परंतु त्यांची खरी ओळख रंकाळा, कोटितीर्थ व पंचगंगेच्या परिसरातील निसर्गचित्रांमुळे आहे. शाहू महाराजांचे ६ मे १९२२ रोजी निधन झाल्यावर शोकाकुल आबालाल यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थ तलावात विसर्जित केली, अशी आख्यायिका कोल्हापुरात प्रचलित आहे. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. आख्यायिकेतील तपशील काहीही असो, त्यांनी दीर्घकाळ केलेल्या कामाचा अल्प अंशच आज पाहावयास मिळतो.

दुसरा प्रवाह आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंचा होय. बाबूराव कृष्णराव मेस्त्री (१८९०-१९५४) हे परंपरागत कारागिरीच्या घराण्यातले. या दोघांनी नाटक मंडळ्यांसाठी रंगविलेले पडदे त्या काळी प्रेक्षकांच्या कौतुकाचा विषय होते. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. त्यानंतर बाबूरावांनी चित्रीकरणाचा कॅमेरा स्वतः सिद्ध केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि 'सैरंध्री' (१९२०) व 'सावकारी पाश' (१९२५) यांसारखे मूकपट निर्माण केले. नाटकाचा पडदा, चित्रपटाचे भित्तिपत्रक, तैलचित्र व शिल्प ही सर्व माध्यमे त्यांनी हाताळली. तथापि पडदा हा वापरून झिजणारा आणि भित्तिपत्रक हे फाडून टाकले जाणारे. त्यामुळे या कलाकृती टिकाव्यात अशी अपेक्षा त्या काळी कोणीच केली नसावी.

पुढील पिढीत दत्तोबा दळवी, गणपतराव वडणगेकर, माधवराव बागल, चंद्रकांत मांडरे आदींनी हा वारसा चालविला. यांपैकी बागल यांचे कार्य विशेष उल्लेखनीय आहे. स्वतः चित्रकार असलेल्या या समाजसुधारकाने कोल्हापूरच्या कलावंतांविषयी लेखनही केले. चित्रे नष्ट झाली तरी त्यांच्याविषयी काही सांगता येते, ते अशा लेखनामुळेच.

सार्वजनिक संग्रह :

कोल्हापूरच्या टाऊन हॉलची वास्तू १८७२ ते १८७६ या काळात उभारली गेली. ब्रह्मपुरी येथील उत्खननात सापडलेल्या वस्तूंच्या निमित्ताने १९४६ मध्ये सुरू झालेले वस्तुसंग्रहालय या वास्तूत असून तेथे पुरावशेषांबरोबर स्थानिक चित्रकारांची चित्रेही मांडली आहेत. अभिनेते व चित्रकार चंद्रकांत मांडरे यांनी आपले राजारामपुरीतील निवासस्थान व चित्रे शासनास दिली. त्यातून त्यांच्या नावाचे कलासंग्रहालय निर्माण झाले. निसर्गचित्रांबरोबरच त्यांची 'पावडर शेडिंग' पद्धतीची कामेही तेथे पाहता येतात. कलावंताने स्वतःच आपला संग्रह एकत्रितपणे समाजाच्या स्वाधीन केल्याचे हे उदाहरण आबालाल यांच्या आख्यायिकेच्या नेमके उलट टोकाचे आहे.

ग्रंथ व चित्र यांना एकाच छत्राखाली आणण्याचा प्रयत्न मात्र सातारा जिल्ह्यातील औंध येथे झाला. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) हे स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी चित्रसंग्रहालय उभारले आणि त्यास ग्रंथालयाची जोड दिली. राजा रविवर्मा व म. वि. धुरंधर यांची चित्रे तसेच हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचे 'माता व बालक' हे शिल्प तेथे आहे. चित्र पाहणाऱ्यास त्याविषयी वाचता यावे आणि वाचणाऱ्यास मूळ चित्र पाहता यावे, ही सोय विद्यापीठीय ग्रंथालयासाठीही अनुकरणीय ठरते.

ग्रंथाची नोंद आणि चित्राची नोंद :

ग्रंथ स्वतःची ओळख स्वतःच सांगतो. शीर्षकपृष्ठावर लेखक, प्रकाशक व वर्ष छापलेले असते. चित्रास शीर्षकपृष्ठ नसते. पुष्कळदा सही नसते, तारीख नसते आणि शीर्षक नंतर कोणीतरी दिलेले असते. म्हणून चित्राच्या नोंदीत पुढील बाबी आवश्यक ठरतात : दाखल क्रमांक, चित्रकाराचे नाव, शीर्षक व ते मूळचे की मागाहून दिलेले, माध्यम व आधार (कॅनव्हास, कागद, लाकूड), चौकटीशिवाय उंची व रुंदी, सहीचे स्थान, मागील बाजूचा मजकूर, चित्र कोणाकडून व कधी आले, सद्यःस्थिती आणि छायाचित्र. यांपैकी मागील बाजूकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. वास्तविक देणगीदाराचे नाव, प्रदर्शनाची चिठ्ठी, चौकट करणाऱ्या दुकानाचा शिक्का या खुणा तेथेच असतात आणि चौकट बदलताना त्याच फेकल्या जातात.

नावाचा प्रश्न स्वतंत्र आहे. बाबूराव पेंटर व बाबूराव मेस्त्री ही एकच व्यक्ती होय, हे कोल्हापुरात सांगावे लागत नाही. परंतु अन्यत्र बसून तालिका पाहणाऱ्यास ते दोन चित्रकार वाटू शकतात. आबालाल व अबालाल, मांडरे व मांढरे अशी रूपेही छापील साहित्यात आढळतात. एक प्रमाण नाव निश्चित करून इतर रूपांवरून त्याकडे निर्देश देणे, ही ग्रंथालयशास्त्रातील नित्याची पद्धत येथे उपयुक्त ठरते. विषयानुसार वर्गीकरणासाठी ड्यूई दशांश पद्धतीत चित्रकलेस ७५० हा वर्गांक असून व्यक्तिचित्रांसाठी ७५७ व निसर्गचित्रादी इतर विषयांसाठी ७५८ हे उपविभाग आहेत. तथापि एकमेव कलाकृतीसाठी वर्गांकापेक्षा दाखल क्रमांक व स्थानाची नोंद अधिक महत्त्वाची असते.

प्रदर्शनातील दक्षता :

ग्रंथालयात चित्र लावताना एक मूलभूत विरोध उद्भवतो. वाचनासाठी मेजावर साधारणतः ३०० ते ५०० लक्स प्रकाश लागतो. जलरंगातील चित्रासाठी मात्र ५० लक्स व तैलचित्रासाठी सुमारे २०० लक्स ही मर्यादा सामान्यतः मानली जाते. प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही. म्हणून जलरंगातील मूळ चित्रे वाचनकक्षात कायमची लावणे हितावह नाही. ती काही काळापुरती मांडून पुन्हा अंधाऱ्या कपाटात ठेवावीत व भिंतीवर त्यांची उत्तम प्रतिकृती लावावी.

कोल्हापूरचा दीर्घ पावसाळा हे दुसरे आव्हान होय. बाहेरच्या भिंतीला टेकून लावलेल्या चित्राच्या मागे ओल साचते व बुरशी धरते. भिंत व चौकट यांत हवा खेळण्याइतके अंतर ठेवणे, काच चित्राच्या पृष्ठभागास चिकटू न देणे, आणि वाळवी व कसर यांसाठी पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी करणे हे उपाय अल्पखर्चिक आहेत. ओल्या फडक्याने तैलचित्र पुसणे मात्र कटाक्षाने टाळावे.

हक्काचा प्रश्न :

चित्र ग्रंथालयाच्या मालकीचे झाले म्हणजे त्याच्या छपाईचा हक्कही मिळाला, असे नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार चित्रावरील हक्क सामान्यतः चित्रकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यानुसार आबालाल यांची चित्रे केव्हाच मुक्त झाली आहेत. बाबूराव पेंटर यांच्या चित्रांची मुदत २०१४ अखेर संपली. तर २००१ मध्ये निवर्तलेल्या चंद्रकांत मांडरे यांच्या चित्रांबाबत ती २०६१ अखेरपर्यंत आहे. देणगी स्वीकारतानाच छायाचित्रण व प्रकाशनाची लेखी अनुमती घेतल्यास पुढील अडचणी टळतात.

निष्कर्ष :

१. कोल्हापूरच्या चित्रपरंपरेची हानी चित्रे नष्ट झाल्याने जशी झाली, तशीच ती नोंदीअभावीही होत आहे.
२. प्रदर्शन व जतन या भिन्न क्रिया आहेत. किंबहुना जलरंगांच्या बाबतीत त्या परस्परविरोधीही ठरतात.
३. चित्राची नोंद करण्यासाठी ते मालकीचे असणे आवश्यक नाही. विद्यापीठीय ग्रंथालय आपल्या भिंतींवरील चित्रांबरोबरच संलग्न महाविद्यालये, वाचनालये व इच्छुक कुटुंबे यांच्याकडील चित्रांचीही तालिका करू शकते.
४. हे कार्य काळाशी बांधलेले आहे. चित्र कोणाचे, त्यातील व्यक्ती कोण व ते घरात कसे आले, हे सांगू शकणाऱ्या पिढीचे वय झाले आहे. चित्राची डागडुजी उद्याही करता येईल; त्यामागची माहिती मात्र ती व्यक्ती हयात असेपर्यंतच मिळते. म्हणून दुरुस्तीच्या निधीची वाट न पाहता नोंदीचे काम प्रथम हाती घेणे श्रेयस्कर होय.