वायुपृथक्करणाच्या उपकरणांतील गळती

घागर गळूं लागली तर जमीन ओली होते व तें आपणांस तत्काळ समजतें. परंतु वायु गळूं लागला तर तो मागें कोणतीच खूण ठेवीत नाहीं. म्हणून वायूंचें मोजमाप करणारानें गळती मुद्दाम शोधावी लागते.

धुराड्यांतून जाणाऱ्या धुरांत कोणते वायु किती आहेत हें पाहण्याचें ऑर्सॅट नांवाचें एक उपकरण आहे. त्यांत १०० घन सेंटिमीटरांची, खुणा कोरलेली काचेची मापनळी असते व तिच्या बुडाशीं रबरी नळीनें पाण्याची बाटली जोडलेली असते. बाटली उचलली कीं वायु मापनळींतून बाहेर ढकलला जातो; खालीं नेली कीं आंत ओढला जातो. हा वायु क्रमानें तीन द्रावणांत नेतात. पहिलें कार्बन डायॉक्साइड शोषून घेतें, दुसरें प्राणवायु व तिसरें कार्बन मोनॉक्साइड. प्रत्येक वेळीं जेवढें आकारमान घटेल, तेवढा तो वायु.

आतां एखाद्या सांध्यांतून बाहेरची हवा आंत शिरली असें समजा. हवेंत शेंकडा सुमारें २१ भाग प्राणवायु असतो. तेव्हां उपकरण प्राणवायु अधिक दाखवील. भट्टीस हवा फार होते असें मानून कामगार ती कमी करील. मग कोळसा अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड उत्पन्न होईल. या विषारी वायूस रंग नाहीं, वासहि नाहीं. केसाएवढ्या फटीचा परिणाम येथवर पोंचतो!

परीक्षा सोपी आहे. ती साध्या हवेनेंच करावी, विषारी वायूनें कधींहि करूं नये. मापनळींत हवा घेऊन सर्व तोट्या बंद कराव्या. बाटलींतील व नळींतील पाणी समपातळींत आणून आंकडा टिपावा. नंतर बाटली खालीं ठेवून ५ मिनिटें थांबावें, व पुनः समपातळी साधून आंकडा वाचावा. हवेचें आकारमान वाढलेलें दिसलें तर गळती आहे. मात्र नळी हातानें धरूं नये. कारण उष्णतामान एक अंश सेंटिग्रेड वाढलें तरी १०० घन सेंटिमीटर हवा सुमारें एकतृतीयांश घन सेंटिमीटर फुगते, आणि निर्दोष उपकरणावर उगाच दोष येतो. गळतीचें ठिकाण शोधण्यास बाटली उंच धरून सांध्यांस साबणाचें पाणी लावावें. बुडबुडे येतील तेथें छिद्र समजावें. चिरलेली रबरी नळी बदलावी, सैल तोटीस व्हॅसलीन लावावें.

हाच नियम घरच्या स्वयंपाकाच्या गॅसलाहि लागू आहे. त्यांत वास मुद्दाम मिसळलेला असतो. तो आल्यास काडी ओढूं नये, विजेचें बटणहि दाबूं नये. सिलिंडर बंद करून दारें-खिडक्या उघडाव्या. गळती शोधावयाची ती साबणाच्या पाण्यानें, ज्योतीनें नव्हे.