बालकाचा होकार

वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघे गांवापासून सावंगी व सेवाग्राम येथील वैद्यकीय महाविद्यालयें फार दूर नाहींत. अशा परिसरांतील एखाद्या शाळेंत रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठीं कोणी संशोधक आला, अशी कल्पना करावी. मुख्याध्यापकांनीं दार उघडलें, वडिलांनीं कागदावर सही केली. सुई मात्र टोचावयाची ती नऊ वर्षांच्या मुलीच्या दंडाला. तिला कोणी विचारावयाचें कीं नाहीं?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनीं याचें उत्तर दिलें आहे. संमति पालकांची, परंतु सातव्या वर्षापासून मुलाचा स्वतःचा होकारहि हवा. बारा वर्षांपर्यंत तो पालकांसमक्ष तोंडी घेऊन नोंदवावयाचा, पुढें अठरापर्यंत लेखी. वर्ध्याला हें सात वर्षांचें वय अपरिचित नाहीं. १९३७ सालीं येथें भरलेल्या परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीनें आंखलेलें मूलोद्योगी शिक्षण ७ ते १४ वयासाठींच होतें. ज्या वयांत मूल सूत कातूं शकतें, त्या वयांत त्याला स्वतःच्या दंडाविषयीं मतहि असावयाचेंच.

पालकांची संमतिसुद्धां किती सहज डावलली जाते, तें खम्मम जिल्ह्यानें दाखविलें. २००९ सालीं तेथें १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्रतिबंधक लस एका प्रकल्पांत देण्यांत आली. चौकशींत ९,५४३ संमतिपत्रांपैकीं २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्याच सह्या आढळल्या. संसदेच्या स्थायी समितीनें २०१३ सालीं या प्रकारावर कठोर टीका केली.

सही योग्य हातची असली तरी एक अडचण उरतेच. शाळेंत ‘हो गुरुजी’ म्हणावयास मूल पहिल्याच दिवशीं शिकतें. तेव्हां गुरुजींच्या देखत निघालेला होकार म्हणजे बहुधा आज्ञापालनच. पालकांसमक्ष विचारावें हा नियम संरक्षणासाठीं खरा, पण मूल उत्तरापूर्वीं आईच्या तोंडाकडे पाहतें. म्हणून जाणता संशोधक सुई दुखेल हें लपवीत नाहीं, खाऊचें आमिष दाखवीत नाहीं. ‘मी काय करणार, तें आतां तूंच मला सांग,’ असें विचारतो. नकार दिल्यास कोणी रागावणार नाहीं, हें तो गुरुजींच्याच तोंडून वदवून घेतो. तोंडानें ‘हो’ म्हणत मुलीनें दंड मागें ओढला, तर तो ओढणेंच उत्तर समजतो. आणि अभ्यास वर्षानुवर्षें चालला, तर ती अठरा वर्षांची होतांच तिला पुन्हा, या वेळीं पूर्ण संमतीसाठीं, विचारावें लागतें.