साडेसात इंचांची नळी

रिव्हॉल्व्हरने हरिण मारावयाचे असल्यास त्याची नळी किमान 5 इंच लांब असलीच पाहिजे, असे अमेरिकेतील ओहायो राज्याच्या शिकारविषयक नियमांत एक कलम आहे. सरकारने इंचांचा हिशेब इतक्या काटेकोरपणे का ठेवावा, याचे मला कुतूहल वाटले, आणि म्हणून तेथील एका लहानशा गावात बंदुका दुरुस्त करणाऱ्या वृद्ध कारागिराच्या दुकानात जाऊन मी बसलो. नळी साफ करण्याच्या द्रवाचा, पिकल्या केळ्यासारखा गोडसर दर्प तेथील लाकडात, कातड्यात आणि त्या वृद्धाच्या बोटांत कायमचा मुरला होता.

एका तरुण गिऱ्हाइकापुढे त्याने .44 मॅग्नमची दोन रिव्हॉल्व्हरे ठेवली: एक साडेपाच इंची, दुसरे साडेसात इंची. आखूड नळी कमरेला सुटसुटीत बसते, झाडावरच्या मचाणात मांडीला टोचत नाही, हे त्याने एका वाक्यात सांगून टाकले. लांबीने गोळीचा वेग वाढतो, दर इंचामागे सेकंदाला पंचवीस ते पन्नास फुटांनी. परंतु त्याचे खरे लक्ष वेगाकडे नव्हतेच. त्याने रिकामे शस्त्र तरुणाच्या हाती देऊन भिंतीवरील खुणेकडे रोखावयास लावले आणि नळीच्या टोकावरची नेमाची माशी मागच्या खाचेत कशी थरथरते ते स्वस्थपणे पाहू दिले. नळी जितकी लांब तितके माशी आणि खाच यांतील अंतर अधिक; ते 6 इंच असेल तर एक शतांश इंचाची चूक 50 यार्डांवर 3 इंचांची होते. अंतर 9 इंच असेल तर 2 इंचांची. हरणाच्या काळजाशी हा एक इंच म्हणजे तत्क्षणी मृत्यू आणि रानात दिवसभर रखडणारी जखम यांतील भेद होय.

“साडेसात, पोरा,” तो म्हणाला, आणि तरुण कमरपट्ट्याकडे पाहू लागताच पुन्हा म्हणाला, “साडेसात.” 1959 मध्ये रूगर कंपनीने सुपर ब्लॅकहॉक बाजारात आणले तेही याच लांबीचे होते.

त्या वृद्धाचा पक्ष मला सर्वथा ग्राह्य वाटतो. दुर्बीण बसविली की माशी-खाचेचा प्रश्न उरत नाही आणि साडेपाच इंचही पुरतात. उघड्या नेमाने शिकार करणाऱ्याने मात्र मांडीला टोचणारी नळी खुशाल सोसावी, आणि तिनेही 50 यार्डांवर हात स्थिर राहत नसेल तर आणखी जवळ जावे, किंवा चाप ओढूच नये.