थर्मोस्टॅट काढून टाकू नका, बदला

ईद किंवा उन्हाळ्याची सुटी आली की मुलाबाळांसह गाडीने गावी जाणे आता नेहमीचे झाले आहे. सपाट रस्त्यावर गाडी नीट चालते. आंबा घाट किंवा कसारा घाट लागला की तापमानाचा काटा वर चढू लागतो. गाडी गॅरेजमध्ये नेली की पुष्कळदा एकच सल्ला मिळतो, "थर्मोस्टॅट अडकलाय, काढून टाकतो. आपल्याकडच्या उन्हात त्याची गरजच काय?" गाडी त्या दिवसापुरती थंड राहते, पण हा सल्ला इंजिनाच्या मुळावर येणारा आहे. थर्मोस्टॅट हा स्वस्त भाग आहे आणि बऱ्याच गाड्यांत तो घरीच बदलता येतो.

तो करतो काय?

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला दरवाजा. त्यात मेण भरलेली धातूची छोटी डबी असते. इंजिन थंड असताना दरवाजा बंद राहतो. कूलंट इंजिनातच फिरते आणि इंजिन लवकर गरम होते. साधारण ८२ ते ९० अंश सेल्सिअसला मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि गरम कूलंट रेडिएटरकडे जाते. थंड झाल्यावर स्प्रिंग झडप पुन्हा बंद करते.

झडप बंद अवस्थेत अडकली तर इंजिन काही मिनिटांतच तापते. गाडी तशीच दामटली तर हेड वाकते, हेड गॅस्केट जाते आणि मोठा खर्च उभा राहतो. झडप उघडी अडकली तर काटा खालीच राहतो आणि मोकळ्या रस्त्यावर आणखी उतरतो. इंधनही जास्त लागते.

थर्मोस्टॅट काढून टाकल्यावर हीच दुसरी स्थिती कायमची होते. इंजिन थंड आहे असे समजून संगणक जास्त इंधन सोडतो. ऑइल पुरेसे तापत नाही, त्यातला ओलावा उडत नाही आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर उलटेच घडते: बायपासचा मार्ग मोकळा राहिल्याने बरेचसे कूलंट रेडिएटरमध्ये न जाताच फिरते आणि चढावर गाडी अधिक तापते.

आधी खात्री करा

गाडी तापण्याचे कारण दर वेळी थर्मोस्टॅटच असते असे नाही. कूलंट कमी आहे का, गळती आहे का, रेडिएटरचा पंखा फिरतो का, हे आधी पाहा. ज्या गाड्यांत थर्मोस्टॅट रेडिएटरच्या वरच्या पाइपाजवळ असतो, तिथे एक सोपी खूण आहे. काटा वर चढला तरी तो पाइप थंडच राहिला, तर झडप उघडत नाही असे समजावे. पाहताना हात, ओढणी किंवा सैल बाही पंखा आणि पट्ट्यापासून दूर ठेवा.

काम कसे करावे?

फजरनंतरची वेळ सर्वांत चांगली, कारण रात्रभर उभे राहून इंजिन पूर्ण थंड झालेले असते. गरम इंजिनाचे रेडिएटर झाकण कधीही उघडू नका. आतले कूलंट दाबाखाली असते. ते उसळून चेहरा आणि हात भाजतात.

गाडी सपाट जागी लावून हँडब्रेक ओढा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, कारण काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो. खाली पसरट टब ठेवून कूलंट काढून घ्या. पाइपाची क्लिप पकडीने मागे सरकवा, पाइप थोडा पिळून सोडवा आणि झाकणाचे बोल्ट काढा. ते बहुधा दहा नंबरच्या पान्याने निघतात.

जुना थर्मोस्टॅट कोणत्या दिशेने बसला होता याचा मोबाइलवर फोटो घ्या. मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला असते. झडपेवर हवा जाण्यासाठी बारीक छिद्र असेल तर ते सहसा वर ठेवतात. जुने पॅकिंग ॲल्युमिनियमवर ओरखडे न पाडता साफ करा आणि नवीन पॅकिंग किंवा ओ-रिंगच वापरा. बोल्ट आलटूनपालटून, बेताने आवळा. जोर जास्त झाला तर आटे जातात.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी तपासणे शहाणपणाचे. त्यावर तापमानाचा आकडा कोरलेला असतो. दोऱ्याने टांगून तो पाण्यात सोडा आणि पाणी उकळा. झडप उघडली पाहिजे आणि थंड झाल्यावर मिटली पाहिजे. यासाठी घेतलेले भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

भरणे आणि हवा काढणे

नळाचे किंवा बोअरचे पाणी टाकू नका, क्षारांनी मार्ग बुजतात. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच कूलंट घ्या. ते घट्ट स्वरूपाचे असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा. हळूहळू भरा, बॅटरीची तार जोडा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि झाकण उघडे ठेवून इंजिन सुरू करा. बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहा, मग झाकण लावा. पुस्तिकेत हवा काढण्याची वेगळी रीत दिली असेल तर तीच पाळा. पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत काट्यावर आणि सांध्यांवर नजर ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना पातळी पुन्हा पाहा.

घरातल्या लहानांसाठी

बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड पण विषारी आहे. लहान मूल किंवा मांजर ते चाटू शकते, म्हणून टब क्षणभरही उघडा सोडू नका. सांडलेले लगेच भरपूर पाण्याने धुवा. जुने कूलंट गटारात किंवा विहिरीजवळ न ओतता बंद कॅनमध्ये भरून गॅरेजमध्ये द्या. मुलाच्या पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी त्रास दिसण्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

हे काम कधी टाळावे?

गाडी वॉरंटीत असेल, थर्मोस्टॅट टायमिंग बेल्टमागे असेल किंवा त्याला विजेची जोडणी असेल, तर काम जाणत्या मिस्त्रीकडे द्या. मात्र त्याला स्पष्ट सांगा की काढून टाकायचा नाही, त्याच आकड्याचा नवा बसवायचा आहे. काम झाल्यावर जुना भाग मागून घ्या. आणि वाटेत काटा लाल पट्टीकडे निघालाच, तर एसी बंद करा, गाडी बाजूला घेऊन इंजिन थांबवा आणि झाकणाला हात न लावता ते पूर्ण थंड होऊ द्या. घरी पोहोचायला उशीर झाला तरी चालेल.